बाळंतिणीचा सव्वा महिना : देवणी परिसरातील शब्द आणि व्यवहार

नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीस मराठीत 'बाळंतीण', कन्नडात 'बाणंती' आणि तेलुगूत 'बालेंत' म्हणतात. हे तीन शब्द परस्परांचे आप्त दिसतात. त्यांत देणे कोणाचे व घेणे कोणाचे, हा वाद येथे बाजूस ठेवावयास हरकत नाही. लक्षणीय गोष्ट ही की, तिन्ही भाषांनी या अवस्थेस स्वतंत्र नाव दिले. बाळंतीण म्हटली की तिने पाणी शेंदावयाचे नाही, जात्यावर बसावयाचे नाही, हे शब्दातच आले.

देवणी ज्या उदगीर तालुक्यात मोडत असे, तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्याकडे, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला, व पुढे देवणी स्वतंत्र तालुका बनली. सरहद्द सरकली, सोयरिकी सरकल्या नाहीत. भालकीकडची मुलगी देवणीकडे नांदावयास येई आणि पहिल्या बाळंतपणास परत जाई. ती 'तवरु'ला गेली म्हणा की 'माहेरी' गेली म्हणा, अर्थ एकच. मराठी 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' यापासून आलेला आहे, आणि त्या घराचे आईपण बाळंतपणाइतके दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी प्रकट होत नसे.

या सव्वा महिन्याचा पसारा मोठा होता. बाज, शेक-शेगडी, ओवा-शेपांची धुरी, डिंक, खारीक, खोबरे, अळीव. शेजारणींनी व सोयऱ्यांनी आणावयाचा बाळंतविडा, त्यात कुंची, अंगडे, टोपडे. यांतील फार थोड्या वस्तू एकट्या घराच्या असत. बाळंतिणीस अंघोळ घालणे, बाळाचे अंग चोळणे, रात्री जागणे ही कामे वाटून घेतली जात. पाचवीच्या रात्रीची सटवाई ही संस्कृत 'षष्ठी'च होय. ती बाळाच्या कपाळी लेख लिहिते, म्हणून त्या रात्री बायका जागत. नाळेच्या जखमेतून होणारा धनुर्वात बहुधा याच सुमारास प्रकट होतो. जागरणाने तो टळत नसे, हे उघड आहे. तथापि बाळाजवळ कोणी तरी डोळा उघडा ठेवून बसलेले असे, एवढे खरे. हा रोग भारतातून निर्मूलित झाल्याची जागतिक मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

जुन्या रीतीचे केवळ गुणगान करणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. पुष्कळ ठिकाणी बाळास पहिला चीक पाजीत नसत. ज्या देवणीचे नाव गोवंशामुळे दूरवर गेले, त्या मुलखातील गुराख्यास वासराला चीक मिळाला पाहिजे हे कोणी शिकवावे लागत नाही. ही विसंगती नोंदण्यासारखी आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. महाराष्ट्रात अनेक गावी सुईण मातंग समाजाची असे. बाळास पहिला हात तिचा लागे. धान्य, नारळ, लुगडे एवढ्यावर तिची बोळवण होई, आणि त्याच घराच्या चुलीपाशी तिला मज्जाव असे. ती स्वतः बाळंत झाली म्हणजे तिच्या बाजेशी किती दिवस कोण बसे, याविषयी रीतीभाती सांगणारे मौन बाळगतात. पित्यासंबंधीही भाषा अशीच मुकी आहे: 'बाळंतीण' या शब्दास पुल्लिंगी जोड नाही.

कायद्याने या प्रश्नास हात घातला तो प्रथम मजूर स्त्रियांपुरता. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाचा पुरस्कार केला व १९२९ मध्ये कायदा झाला. पण तो मुंबई इलाख्याचा, निजामाच्या मुलखास लागू नव्हता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातही दुसऱ्याच्या शेतात खुरपणारी बाई आली नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट गडचिरोलीतून निघाली. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात-मृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०११ मध्ये देशभरच्या आशा कार्यकर्तींस तशी घरभेटीची पद्धत लावून देण्यात आली. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. सव्वा महिन्याच्या जुन्या हिशेबाशी हा आकडा जवळजवळ जुळतो, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. बाईचे शरीर सावरण्यास लागणारा काळ दोघांनीही अनुभवानेच मोजलेला दिसतो.

परंतु भेटीसाठी घर लागते. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारी जोडपी कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहतात. तेथे माहेर नसते, शेजारीण पहाटेच फडात गेलेली असते, आणि गावच्या आशाताईंच्या वहीत नाव असूनही बाई हाती लागत नाही. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात व उचलही कोयत्यावर देतात. बायको बाळंत झाली तरी त्या उचलीची फेड थांबत नाही. एका हत्याराच्या नावात दोन माणसे मोजली गेली. तिसरे जन्मले तर काय, याला त्या बोलीत शब्द नाही.