कुंपणानेंच शेत खाल्लें

शेताला कुंपण घालावयाचें तें गुराढोरांपासून पीक राखण्यासाठीं. परंतु कुंपणच पीक खाऊं लागलें, तर शेतकऱ्यानें दाद कोणाकडे मागावी? स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं १८७८ सालीं हा प्रश्न शेंकडों कुटुंबांपुढें उभा राहिला.

‘सिटी ऑफ ग्लासगो बँक’ ही पेढी १८३९ मध्यें स्थापन झाली. १८५७ च्या आर्थिक संकटांत तिचे व्यवहार कांहीं काळ थांबले होते. पण त्यांतून ती सावरली आणि पुढें तिच्या शाखांची संख्या १३३ वर गेली. १८७८ च्या उन्हाळ्यांत तिनें भागधारकांना शेंकडा १२ प्रमाणें नफा वांटला. तिचा शंभर पौंडांचा भाग बाजारांत दोनशें पौंडांच्या वर विकला जात असे. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं बँकेचीं दारें बंद झालीं, तीं कायमचींच.

तपासनिसांनीं वह्या उघडल्या तेव्हां भांडवलासह साठ लाख पौंडांहून अधिक रक्कम बुडाल्याचें दिसून आलें. बँकेचा बहुतेक पैसा अवघ्या चार व्यापारी पेढ्यांकडे अडकला होता, आणि त्यांतील एक तर खुद्द एका डायरेक्टराची होती! अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्यें युद्ध संपतांच तो कोसळला. त्या वेळीं मुंबईनें जो हाहाःकार पाहिला, त्याचीच झळ हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या या ऋणको पेढ्यांपैकीं कांहींना लागली होती. त्यांच्याशीं संबंध असलेली मुंबईची ‘निकल आणि कंपनी’ही १८७८ मध्यें बुडाली.

बुडत्या ऋणकोला तारण्यासाठीं पुन्हा कर्ज द्यावें, आणि तें बुडालें कीं तें झांकण्यासाठीं आणखी द्यावें, असें हें चक्र वर्षानुवर्षें फिरत राहिलें. बुडीत कर्जें ताळेबंदांत लपविलीं गेलीं, तिजोरींतील सोनें प्रत्यक्षाहून अधिक दाखविलें गेलें, आणि भाव टिकविण्यासाठीं बँकेनें स्वतःचेच भाग विकत घेतले.

मॅनेजर रॉबर्ट स्ट्रोनॅक व सहा डायरेक्टर यांच्यावर १८७९ च्या जानेवारींत एडिंबरो येथें खटला चालला. १ फेब्रुवारी रोजीं निकाल लागला. खोटे ताळेबंद तयार केल्याबद्दल स्ट्रोनॅक व लुई पॉटर यांना अठरा महिन्यांचा, आणि ते जाणूनबुजून प्रसृत केल्याबद्दल इतर पांचांना आठ महिन्यांचा कारावास झाला. बँक तगून राहावी या समजुतीनें हा गुन्हा झाला, निव्वळ स्वार्थासाठीं नव्हे, असें न्यायासनानें शिक्षा देतांना मानलें.

परंतु खरी शिक्षा भोगली ती निरपराध्यांनीं. या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. देणें फिटेपर्यंत प्रत्येकाच्या घरादारावर कायद्याचा हात पोंचत असे. शंभर पौंडांच्या भागामागें प्रथम पांचशें, व मागाहून बावीसशें पन्नास पौंडांची मागणी झाली! ठेवीदारांची पै न् पै फिटली; पण सुमारें अठराशें भागधारकांपैकीं अखेरीस २५४ च आपलें देणें भागवूं शकले. त्यांत विधवा होत्या, अविवाहित स्त्रिया होत्या, धर्मोपदेशक होते. दुसऱ्याच्या मुलाबाळांसाठीं केवळ विश्वस्त म्हणून ज्यांनीं आपल्या नांवावर भाग ठेवले होते, त्यांनाहि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनानें व्यक्तिशः जबाबदार धरलें. तुरुंगांतील डायरेक्टर महिने मोजीत होते; बाहेरच्या भागधारकांना मात्र उरलेलें आयुष्य मोजावें लागलें.

या अनर्थांतून एक इष्ट गोष्ट निष्पन्न झाली. १८७९ च्या कंपनी-कायद्यानें बँकांना भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याचा सोपा मार्ग दाखविला, आणि तो पत्करणाऱ्या बँकांना त्रयस्थ तपासनिसाकडून दरसाल हिशेब तपासून घेणें बंधनकारक केलें. स्कॉटलंडांतील अमर्याद जबाबदारीच्या उरलेल्या बँकांनीं १८८२ मध्यें त्याचा लाभ घेतला.

हिशेबाच्या वहींत एक खोटा आंकडा लिहिणारा केवळ कागद काळा करीत नाहीं. ज्या अपरिचितानें आपल्या म्हातारपणाची भाकरी त्या आंकड्यावर ठेवलेली असते, त्याच्या ताटांतून तो ती काढून घेत असतो. ग्लासगोच्या त्या सात सद्गृहस्थांना हें कळत नव्हतें असें नव्हे. आज निभलें म्हणजे उद्यां भरून काढूं, एवढेंच त्यांनीं मनाशीं म्हटलें. तो उद्यां कधींच उगवला नाहीं.