पोटातला किडा आणि पाठीवर पेटी घेतलेला वैद्य : ‘मुशिशी’मागचा जुना जपान

कडाडून भूक लागली की आपल्या पोटात कावळे ओरडू लागतात. जपानी माणसाच्या पोटात अशा वेळी किडा ओरडतो. त्याचा राग शमत नसेल, तर हा पोटातला किडा स्वस्थ बसलेला नसतो. एखादा माणूस विनाकारण नकोसा वाटला, तर तो ‘किड्याला आवडलेला नाही’. आणि दूरच्या आप्ताचे काही बरेवाईट झाले असावे अशी हुरहुर लागली, तर ती ‘किड्याने दिलेली वर्दी’. या किड्याला जपानीत ‘मुशी’ म्हणतात. आजचा धागा या मुशीचा आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या ‘मुशिशी’ या ॲनिमे मालिकेचा.

हे केवळ वाक्प्रचार नव्हेत. 1568 साली ओसाका परिसरातील एका सूचिचिकित्सकाने ‘हारिकिकिगाकी’ नावाचे हस्तलिखित सिद्ध केले. त्यात माणसाच्या शरीरात राहून रोग निर्माण करणाऱ्या 63 मुशींची रंगीत चित्रे आहेत. एक घोड्यासारखी, हृदयात राहणारी. दुसरी कासवासारखी; वैद्याचे औषध अंगावर पडू नये म्हणून तिच्यापाशी छत्रीसारखे झाकण! आज ही चित्रे पाहून हसू येते. पण त्या वैद्याने ती गंमत म्हणून काढलेली नाहीत. कोणती मुशी कुठे राहते, काय खाते, कोणत्या वनस्पतीला भिते, याची ती नोंद आहे. तिला सैतान मानलेले नाही, देवही मानलेले नाही. ती आपल्या स्वभावाप्रमाणे जगते आणि त्यात माणूस आजारी पडतो, एवढेच. (हे हस्तलिखित आज क्युशू राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते संग्रहालय उघडले ऑक्टोबर 2005 मध्ये, आणि ‘मुशिशी’चा पहिला भागही त्याच महिन्यात प्रसारित झाला. निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

1868 नंतरच्या मेइजी राजवटीला या नोंदींचे प्रयोजन उरले नाही. 1873 मध्ये अंगात येऊन कौल देणाऱ्या स्त्रियांवर बंदी आली; 1874 च्या नियमावलीने पाश्चात्त्य वैद्यक हाच वैद्यकीय शिक्षणाचा पाया ठरवला. इनोउए एन्र्यो या तत्त्वज्ञाने गावोगावच्या भुताखेतांच्या कथा गोळा केल्या त्या बहुतांशी खोट्या पाडण्यासाठी. पुढे यानागिता कुनिओने 1910 साली ‘तोनो मोनोगातारी’त डोंगराळ तोनो भागातील 119 कथा-आठवणी छापल्या, पण त्यांची शहानिशा करण्याच्या भरीस तो पडला नाही. मुशीचे शरीर गेले. भाषेत नाव तेवढे उरले.

उरुशिबारा युकी या लेखिका-चित्रकर्तीने आपली ‘मुशिशी’ ही चित्रकथा 1999 ते 2008 या काळात नेमकी या फटीत नेऊन बसवली. तिचा काळ एदो आणि मेइजी यांच्या मधला, कल्पित: दारे न उघडलेला जपान. नागाहामा हिरोशी यांनी दिग्दर्शित केलेल्या मालिकेचे 26 भाग आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र. किमोनोतल्या गावकऱ्यांत एकटा गिंको पाश्चात्त्य कपड्यांत, पाठीवर लाकडी पेटी घेऊन हिंडतो. ती पेटी पाहिली की एदो काळातील तोयामाचे फिरते औषधविक्रेते आठवतात. ते घरोघर औषधांची पेटी ठेवून जात आणि पुढच्या फेरीत वापरल्या गेलेल्या औषधांचेच पैसे घेत.

या मालिकेत खलनायक नाही, लढाई नाही; तरी माणसे ती पुन्हा पुन्हा पाहतात. माझ्या मते याचे उत्तर त्या जुन्या वैद्याच्या वहीत आहे. प्रत्येक भाग म्हणजे एक रुग्णवृत्त. बर्फाने वेढलेल्या गावात आवाज खाणाऱ्या मुशी येतात आणि माणसे एका कानाने बहिरी होतात; तिथे मिठाच्या पाण्याने काम भागते. पण माहो या मुलाचा आजार उलटा आहे. त्याच्या कपाळावर शिंगे फुटली आहेत आणि कानांत असह्य गोंगाट आहे. त्याच आजाराने वारलेल्या आईने अखेरच्या दिवसांत त्याचे कान आपल्या तळहातांनी झाकले होते. ते तिचे सांत्वन नव्हते, उपचार होता: हात कानांवर दाबले की शरीरातला खोल घुमणारा आवाज ऐकू येतो. उपाय तिला सापडला होता, तोवर तिचा वेळ संपला होता.

म्हणूनच ‘झोपण्यापूर्वी पाहायची शांत मालिका’ ही तिची ख्याती मला अर्धीच खरी वाटते. चौथ्या भागातील जिनला पुढचे दिसणारी स्वप्ने पडतात. गावाला त्याचा आधार वाटतो, गिंको त्याला औषधही देतो. नंतर उलगडते की स्वप्ने भविष्य सांगत नव्हती. त्याच्या उशीत राहणाऱ्या मुशी स्वप्नातले बाहेर आणून खरे करत होत्या. तोवर त्याची मुलगी गेलेली असते, मग गावही जाते. जिन त्या उशीवर तलवार चालवतो आणि जखम त्याच्याच अंगावर उमटते. जिन पुढे जगत नाही. मुशींनाही गिंको दोषी ठरवत नाही. त्या केवळ जगत होत्या, एवढेच त्याचे म्हणणे.

तो स्वतः मात्र कोणत्याच गावात फार दिवस टिकू शकत नाही. मुशी त्याच्याकडे ओढल्या जातात. तो थांबला की त्या जमतात. तोंडातली ती न संपणारी सिगारेटही ऐट म्हणून नाही, तिच्या धुराने त्या दूर राहतात.