निजामाची येडशी, इंग्रजांची बार्शी आणि 'मी अविवाहित आहे'चा दाखला

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे कागदपत्रं! लगेच पान बंद करू नका. या कागदांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आयटीतल्या बऱ्याच जणांना आज ना उद्या तो नडणार आहे.

आपला मुलगा किंवा मुलगी ऑनसाइट जाते, तिथे कुणीतरी आवडतं, आणि लग्न तिकडेच करायचं ठरतं. तिथलं सरकारी ऑफिस पहिल्याच दिवशी विचारतं, "तुमचं आधी लग्न झालेलं नाही कशावरून?" आपल्याला हसू येतं. गावात या की, कुणीही सांगेल! पण अडचण नेमकी तीच आहे. गाव सांगेल, कागद सांगणार नाही. एखादी गोष्ट घडली हे सिद्ध करणं सोपं असतं, पण ती घडलीच नाही हे कसं सिद्ध करणार? (टेस्टिंगवाल्यांना विचारा. "बग नाही" असं लिहून द्यायला कुणीही तयार नसतं.)

सुरुवात येडशीपासून करू. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव, रामलिंगाच्या देवळासाठी ओळखीचं. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीने बार्शीहून निघालं की थोड्या वेळात येडशी यायची. पण १९४८ पर्यंत त्या तेवढ्या प्रवासात राज्य बदलायचं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. भाषा एक, सोयरीक एक, पण कायदे वेगळे. बार्शीचा माणूस 'ब्रिटिश प्रजा', तर येडशीचा माणूस निजामाची प्रजा. इंग्रजांच्या परदेशी व्यवहारात त्याला 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' म्हणत. परदेशात वकिलातीसमोर लग्न लावण्यासाठी इंग्रजांनी १८९२ मध्ये कायदा केला होता. त्यात दोघांपैकी एक जण तरी 'ब्रिटिश प्रजा' असावा लागे. म्हणजे गाडीत शेजारी बसलेल्या दोघांची परदेशातली पत वेगळी!

बार्शीकराचं तरी सोपं होतं का? मुळीच नाही. इंग्रजी मुलखात वेगळ्या धर्माच्या व्यक्तीशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर १८७२ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट होता. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो चळवळीच्या मागणीतून तो आला. चौदा दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि एक जाहीरनामा. खरी मेख त्या जाहीरनाम्यात होती. मी ख्रिश्चन, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कुठलाही धर्म मानत नाही, असं वधू-वर दोघांनी लिहून द्यायचं. म्हणजे लग्न करायला आधी घरचा देव्हारा नाकारा! १९२३ मध्ये दुरुस्ती झाली, पण सवलत मिळाली ती हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या आपसातल्या लग्नांना. ज्यू किंवा ख्रिश्चन जोडीदार असेल तर ती अट तशीच राहिली.

आता आपल्या ओळखीचं एक उदाहरण. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. केलेला, जातिसंस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिलेला माणूस. परतीच्या वाटेवर लंडनमध्ये त्यांची ओळख इडिथ कोहन या जर्मन-ज्यू घराण्यातल्या मुलीशी झाली. लग्न मात्र झालं थेट १९२० मध्ये, त्या हिंदुस्थानात आल्यावर. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. केतकरांनी व्रात्यस्तोम विधी करून त्यांना हिंदू धर्मात घेतलं आणि वैदिक पद्धतीने लग्न केलं. इडिथ कोहनच्या शीलवतीबाई केतकर झाल्या. विंटरनिट्झच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनीच केलं. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये काढला.

केतकरांच्या मनात काय होतं हा वेगळा विषय. पण त्यांच्यासमोरचे रस्ते मोजून बघा. हिंदू म्हणून राहायचं तर तिने धर्म बदलायचा. नोंदणी करायची तर दोघांनीही धर्म नाकारायचा. दोघांनी आपापल्या जागी राहून लग्न करायचं, हा पर्याय हिंदुस्थानातल्या कायद्याच्या मेनूत नव्हताच. १९२८ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, तेव्हा त्याही आधी हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी झाल्या. गादीवर बसलेल्या माणसालाही या वाटेला फाटा नव्हता. (तोवर त्यांनी गादी सोडली होती, ही गोष्ट वेगळी.)

हा पर्याय मेनूत आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आला आणि धर्म नाकारण्याची अट गेली. देश एक झाल्यामुळे येडशी आणि बार्शी एकाच कायद्याखाली आल्या. परदेशातल्या लग्नांसाठी १९६९ मध्ये फॉरिन मॅरेज ॲक्ट झाला. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की तिथल्या आपल्या वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावता येतं. मात्र त्यात नोटीस आहे, तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आहे, आणि त्या देशाच्या कायद्याने अशा लग्नाला मनाई असेल तर अधिकारी नकार देऊ शकतो. तिथल्याच कायद्याने लग्न केलं असेल तर त्याची नोंद करायची सोयही याच कायद्यात आहे.

मग आज घोडं अडतं कुठे? प्रत्येक देशाच्या डिझाइनमध्ये. अमेरिकेत काउंटीच्या ऑफिसात ओळखपत्र दाखवायचं, शपथेवर सांगायचं आणि लायसन्स घ्यायचं. म्हणजे माणसावर विश्वास, खोटं बोलला तर गुन्हा. जर्मनीची रीत उलटी. तिथे १८७६ पासून देशभर जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे. त्यामुळे 'हा माणूस लग्नाला मोकळा आहे' असा दाखला त्यांचं सरकार देऊ शकतं, आणि परक्या माणसाकडूनही तेच मागतं. आपल्याकडे अशी नोंदच नाही. सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं तेच मुळी २००६ मध्ये. नसलेल्या टेबलवर क्वेरी मारली तर काय येणार? एरर! म्हणून भारतीयाला जर्मनीत वरिष्ठ प्रादेशिक कोर्टाच्या अध्यक्षांकडून या दाखल्यातून सूट घ्यावी लागते, आणि ती सूट सहाच महिने चालते. तेवढ्यात हॉल, व्हिसा, आई-बाबांची तिकिटं सगळं बसवा.

अपोस्टिल नावाचा आंतरराष्ट्रीय शिक्का भारतात २००५ पासून मिळतो, पण जर्मनीने तेव्हाच भारताच्या बाबतीत हरकत घेतली. त्यामुळे तिथल्यासाठी आपल्या कागदांची इथे येऊन पडताळणी होते, खर्च आपला, आणि त्यात महिने जातात.

आता येडशीत जन्मलेल्या एखाद्या पोराची फाइल डोळ्यापुढे आणा. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नुसतं 'मुलगा', नाव नाहीच. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. जन्मदाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, आणि २०२३ च्या नामांतरानंतर काढलेल्या कागदावर धाराशिव. आपल्याला माहीत आहे की गाव तेच, पोरगं तेच. परदेशी कारकुनासाठी हे तीन वेगवेगळे लोक असू शकतात! वकिलाची प्रतिज्ञापत्रं आणि जिल्ह्याच्या नामांतराच्या राजपत्राचं भाषांतर सोबत असेल तर पुढचे हेलपाटे वाचतात. जन्मनोंदीत नाव घालून घ्यायचं काम तर आजच करावं, लग्न ठरायची वाट बघू नये.

हे सगळं वाचून वाटेल, यापेक्षा केतकरांचा काळ बरा होता. मला तसं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी कागद विचारायचा, तू कोण आहेस ते सोडायला तयार आहेस का? आजचा कागद विचारतो, तू खरंच तूच आहेस ना, आणि मोकळा आहेस ना? दुसऱ्या प्रश्नाला चपला झिजतात, पैसे जातात, डोकं फिरतं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना कुणा एकाला तरी आपलं नाव, आपला देव, आपलं माहेर मागे ठेवावं लागायचं. आणि बहुतेक वेळा ते तिलाच ठेवावं लागायचं, त्याला नाही.

तेव्हा रांगेत उभं राहून चिडचिड झाली तर खुशाल करा. फक्त हातातल्या फॉर्मवर कुठला रकाना आता उरलेला नाही, तेवढं एकदा बघून घ्या.