हिमनगाचा माग : डोलकाठीपासून उपग्रहापर्यंत

'हिमनगाचे टोक' हा शब्दप्रयोग मराठीत आता इतका रुळला आहे की बँक घोटाळ्यापासून पाणीटंचाईपर्यंत कुठल्याही बातमीत तो सापडतो. ज्या भाषेच्या किनाऱ्याला कधी हिमनग लागला नाही तिने तो असा आपलासा करावा, याची गंमत वाटते. मात्र या शब्दप्रयोगात हिमनगाचा एकच गुण आला : त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. दुसरा गुण मागे राहिला. हिमनग एका जागी थांबत नाही. वारा आणि सागरप्रवाह नेतील तिकडे तो जातो, वाटेत फुटतो, उलथतो, उथळ तळाला टेकून वर्षानुवर्षे बसतो आणि एके दिवशी पुन्हा चालू लागतो. खलाशांना धाक होता तो या भटकेपणाचाही.

जेम्स कुकची 'रेझोल्यूशन' आणि 'ॲडव्हेंचर' ही जहाजे डिसेंबर १७७२ मध्ये दक्षिण समुद्रात शिरली तेव्हा त्यांच्या रोजनिशींत हिमनगांना 'बर्फाची बेटे' म्हटले गेले. पुढच्याच महिन्यात खलाशांनी या बेटांचे तुकडे होड्यांत भरून आणले, वितळवले आणि पिण्याच्या पाण्याची पिंपे भरली. पण या 'बेटां'ची नोंद नकाशावर करून उपयोग नव्हता. डोलकाठीवरच्या माणसाची नजर जाईल तेवढाच त्यांचा इतिहास, आणि तोही एका दिवसाचा.

ही नजर किती फसवी, याचा दाखला विसाव्या शतकातही मिळतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये 'ग्लेशियर' या अमेरिकन बर्फफोड्या जहाजाने दक्षिण प्रशांत महासागरात सुमारे ३३५ किलोमीटर लांब आणि ९७ किलोमीटर रुंद हिमनग पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे बेल्जियम देशाहून मोठा. अनेक वर्षे हा विक्रम पुस्तकांतून फिरत राहिला. आज अभ्यासक त्याबद्दल साशंक आहेत, कारण एवढी लांबीरुंदी जहाजावरून नेमकी मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

पद्धतशीर पहाऱ्याला सुरुवात झाली ती 'टायटॅनिक'नंतर. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ते जहाज हिमनगावर आदळले आणि दीड हजाराहून अधिक माणसे गेली. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही : जहाजाला माहिती मिळालेली होती. त्या दिवशी इतर जहाजांकडून बर्फाचे अनेक बिनतारी इशारे आले होते. 'मेसाबा' जहाजाचा संध्याकाळचा संदेश तर अगदी पुढच्या वाटेवरच्या बर्फाबद्दल होता, पण तो कप्तानाच्या कक्षापर्यंत पोचलाच नाही. हिमनग दिसणे आणि त्याची वार्ता योग्य माणसाच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सगळी यंत्रणा या दोन टोकांना जोडण्यासाठी उभी राहिली.

जानेवारी १९१४ मध्ये लंडनला सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि उत्तर अटलांटिकमधल्या बर्फावर कायमची गस्त ठरली. काम अमेरिकेने करायचे, खर्च त्या मार्गाने जहाजे नेणाऱ्या देशांनी वाटून घ्यायचा. प्रथम जहाजांनी, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांनी ही गस्त घातली. १९६० च्या आसपास हिमनगांवर बाँब टाकून ते फोडण्याचे, काजळी पसरून ते लवकर वितळवण्याचे प्रयोगही झाले. हिमनगांनी दाद दिली नाही. पाळत ठेवणे एवढेच माणसाच्या हाती उरले.

तीही सगळीकडे पुरत नव्हती. ३० जानेवारी १९५९ रोजी 'हान्स हेडटॉफ्ट' हे नवेकोरे डॅनिश जहाज पहिल्याच सफरीवरून परतताना ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ हिमनगावर आदळले. बर्फाळ समुद्रासाठी खास बांधलेले जहाज. त्यावर ९५ माणसे होती. मदतीची हाक आली आणि थांबली. कोणीही वाचले नाही. काही महिन्यांनी आइसलंडच्या किनाऱ्याला त्या जहाजाचे एक जीवरक्षक कडे लागले, तेवढेच. जहाजावर ग्रीनलंडच्या जुन्या दप्तरखान्याची कागदपत्रेही होती. ज्याला जुन्या कागदांचा नाद आहे त्याला हा दुहेरी घात वाटेल : माणसे गेली आणि एका प्रदेशाची लेखी स्मृतीही गेली.

दुसऱ्याच वर्षी, १ एप्रिल १९६० रोजी, 'टायरॉस-१' हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह वर गेला. काही वर्षांतच ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह आले आणि हिमनगाला प्रथमच 'चरित्र' मिळाले. १९६७ मध्ये अंटार्क्टिकातील त्रोल्तुंगा नावाची हिमजिव्हा तुटली आणि सुमारे १०० किलोमीटर लांबीचा हिमनग समुद्रात निघाला. १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे ११ वर्षे, उपग्रहचित्रांतून त्याचा प्रवास जोडता आला.

ही चित्रे प्रकाशाची होती. ढग आले की डोळा मिटायचा; अंटार्क्टिकातील हिवाळ्यात तर महिनोन्‌महिने रात्र. ही अडचण रडारने सोडवली. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपतो. त्याला सूर्य लागत नाही आणि ढग आड येत नाहीत. उपग्रह पुढे सरकत असताना वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र केले की लहानशी अँटेना कित्येक किलोमीटर लांब असल्यासारखे काम करते. या तंत्राचा समुद्रासाठीचा पहिला नागरी उपग्रह 'सीसॅट' जून १९७८ मध्ये गेला आणि विजेतील बिघाडाने १०५ दिवसांत बंद पडला. त्याच्या त्या थोड्या दिवसांच्या चित्रांवर एका पिढीने अभ्यास केला. पुढे युरोपचा 'ईआरएस-१' (१९९१), कॅनडाचा 'रेडारसॅट-१' (१९९५) आणि २०१४ पासूनची 'सेंटिनेल-१' मालिका आली. सेंटिनेलची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

जुलै २०१७ मध्ये लार्सन-सी या तरंगत्या हिममंचापासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला तेव्हा तिथे ध्रुवीय रात्र होती. तरीही तो सुटल्याचे जगाला त्याच आठवड्यात कळले. त्याचे नाव ए-६८. या नावांतही एक शिस्त आहे. अंटार्क्टिकाचे चार भाग कल्पून त्यांना ए, बी, सी, डी अक्षरे दिली आहेत; हिमनग ज्या भागात प्रथम दिसला त्याचे अक्षर आणि पुढे अनुक्रमांक. तुकडे पडले की त्यांना आणखी अक्षरे. एखाद्या घराण्याची वंशावळ लिहावी तशी अमेरिकेचे राष्ट्रीय बर्फ केंद्र ही नोंद ठेवते. ए-६८ साउथ जॉर्जिया बेटाजवळ वितळत असताना तीन महिन्यांत सुमारे १५२ अब्ज टन गोडे पाणी समुद्रात मिसळले, हा हिशेबही उपग्रहांनी मोजलेल्या उंचीवरून मांडता आला. ही आकडेमोड हौसेची नाही. एवढे गोडे पाणी पडले की तिथल्या समुद्राचे थर आणि त्यावर जगणारी जीवसृष्टी बदलते.

याहून विलक्षण चरित्र ए-२३ए चे. १९८६ मध्ये फिल्चनर हिममंचापासून ए-२३ हा हिमनग तुटला, तेव्हा त्याच्या पाठीवर 'द्रुझ्नाया-१' हे सोव्हिएत संशोधन केंद्र होते. त्याचा सर्वांत मोठा तुकडा ए-२३ए वेडेल समुद्राच्या तळाला टेकला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. ज्या देशाचे केंद्र त्यावर होते तो देश दरम्यान नकाशावरून गेला. २०२० च्या सुमारास हिमनग हलला. २०२३ मध्ये तो खुल्या समुद्राकडे निघाला तेव्हा त्याचे क्षेत्रफळ जवळपास ४,००० चौरस किलोमीटर होते, म्हणजे अख्ख्या गोवा राज्याहून थोडे मोठे. २०२४ मध्ये एका पाणबुड्या उंचवट्यावरच्या भोवऱ्यात तो कित्येक महिने जागच्या जागी गरगरत राहिला. मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जियाजवळ पुन्हा टेकला, सुटला आणि वर्षाच्या उत्तरार्धात त्याचे मोठमोठे तुकडे झाले.

या कथेत भारताचा धागा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'क्विकस्कॅट' उपग्रहाने, मूळ काम समुद्रावरचे वारे मोजणे असताना, ढगांमुळे माग सुटलेला बी-१०ए हा अजस्र हिमनग ड्रेक सामुद्रधुनीजवळ शोधून दिला. तेव्हापासून हिमनगांच्या नोंदीला अशा वारा-रडारांचा मोठा आधार झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये 'क्विकस्कॅट'ची फिरती अँटेना थांबली. त्याच्या दोनच महिने आधी इस्रोने 'ओशनसॅट-२' सोडला होता आणि त्यावर त्याच जातीचे 'ऑस्कॅट' यंत्र होते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ठेवल्या जाणाऱ्या हिमनगांच्या नोंदवहीत पुढची पाने या भारतीय यंत्राच्या आधारे भरली गेली. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या 'निसार' उपग्रहात 'सीसॅट'च्याच पट्ट्यातील रडार आहे, आणि सोबत इस्रोचे दुसरे रडार.

तरीही निर्धास्त होण्यासारखी स्थिती नाही. बर्फ केंद्राच्या यादीत येतात ते महाकाय हिमनग, आणि जहाजे त्यांच्यावर सहसा आदळत नाहीत. घात करतात त्यांचे घरा-मोटारीएवढे तुकडे, जे लाटांच्या गलबल्यात रडारलाही दिसत नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये 'एक्सप्लोरर' हे पर्यटक जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फाला धडकून बुडाले. त्यावरील सर्व १५४ जण वाचले ते जवळ दुसरी जहाजे होती म्हणून. रडारच्या चित्रात जहाज आणि हिमनग दोन्ही पांढरे ठिपकेच दिसतात. जहाज बिनतारी यंत्राने आपले नाव सांगते, हिमनग मुका असतो. पण यंत्र बंद ठेवून चोरून मासेमारी करणारे जहाजही मुकेच असते.

आणि पहारेकरीही मर्त्य आहेत. युरोपचा 'एन्व्हिसॅट' एप्रिल २०१२ मध्ये अचानक गप्प झाला, 'सेंटिनेल-१बी' डिसेंबर २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा उपग्रह होता म्हणून नोंद चालू राहिली. १९१४ च्या करारात खर्चाची वाटणी लिहिलेली होती. अंटार्क्टिकाभोवतीच्या पहाऱ्याला असा करार नाही. तो वेगवेगळ्या देशांच्या अंदाजपत्रकांवर आणि चित्रे मोफत वाटण्याच्या त्यांच्या इच्छेवर चालतो. ए-२३ए चे चाळीस वर्षांचे चरित्र सलग वाचता येते, कारण ते लिहिणारे हात बदलत राहिले, तरी वही कोणी मिटली नाही. पुढच्या चाळीस वर्षांत, बर्फ अधिक वेगाने तुटत असताना, ती उघडी ठेवायची की नाही, हे समुद्र ठरवणार नाही.