शिखर-शोधनाकडून संभाव्यतेकडे : हार्ड डिस्कमधील संकेत-प्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकीय साठवणुकीचा इतिहास बहुधा पदार्थविज्ञानाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या रॅमॅक या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. आज साडेतीन इंची डिस्कमध्ये २० टेराबाइटहून अधिक माहिती साठवली जाते. या स्थित्यंतराचे श्रेय वाचन-लेखन करणाऱ्या हेडला आणि तबकडीवरील चुंबकीय लेपाला दिले जाते. ते वावगे नाही. महाकाय चुंबकरोधाच्या शोधासाठी आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या श्रेयावर शिक्कामोर्तबच झाले. मात्र हेडने टिपलेला क्षीण, विस्कटलेला विद्युत्संकेत वाचायचा कसा, या प्रश्नाचा इतिहास त्यामुळे झाकोळला गेला. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रवाहाचा मागोवा घेतला आहे.

शिखर-शोधनाचा कालखंड

तबकडीवर माहिती लिहिणे म्हणजे लेपातील चुंबकनाची दिशा ठरावीक ठिकाणी उलटविणे. फॅरडेच्या नियमानुसार, प्रेरक हेडमध्ये विद्युत्दाब निर्माण होतो तो चुंबकनातील बदलामुळे. साहजिकच जेथे दिशा उलटते तेथे एक स्पंद मिळतो आणि लागोपाठचे स्पंद आळीपाळीने धन व ऋण असतात. ठरलेल्या कालखंडात स्पंदाचे शिखर सापडले तर 'एक', न सापडले तर 'शून्य', अशी ही सरळ पद्धत होती. तिने तीन दशकांहून अधिक काळ उद्योगाची गरज भागविली.

घनता वाढू लागली तशी या पद्धतीची मर्यादा उघड झाली. स्पंद जवळजवळ आले की एकाचा उतार दुसऱ्याच्या चढावर पडतो. दोघांची चिन्हे विरुद्ध असल्याने दोन्हींची उंची घटते आणि शिखरे एकमेकांपासून दूर सरकतात. यालाच आंतरचिन्ह व्यतिकरण म्हणतात. यावर पहिला उपाय निघाला तो संकेतलेखनाचा. दोन 'एकां'मध्ये किमान किती आणि कमाल किती 'शून्ये' असावीत याचे बंधन घातले गेले. १९७९ च्या आयबीएम ३३७० या यंत्रात किमान दोन व कमाल सात शून्यांचा नियम होता. किमान मर्यादेमुळे स्पंद एकमेकांपासून दूर राहत, तर कमाल मर्यादेमुळे घड्याळाचा ताल सुटत नसे. याची किंमतही मोजावी लागे, कारण माहितीच्या प्रत्येक बिटासाठी तबकडीवर संकेताचे दोन बिट खर्ची पडत. व्यतिकरणाशी झुंजण्याऐवजी त्याला टाळण्याचाच हा मार्ग होता.

अंशतः प्रतिसादाची कल्पना

व्यतिकरण टाळण्याऐवजी ते मान्य करावे, पण ठरावीक मापाचे करून घ्यावे, ही कल्पना दूरसंचार क्षेत्रातून आली. ॲडम लेंडर यांनी १९६३ मध्ये आणि अर्नेस्ट क्रेट्झमर यांनी १९६६ मध्ये या अंशतः प्रतिसाद पद्धतींची मांडणी केली. आयबीएमच्या संशोधन विभागातील हिसाशी कोबायाशी व डोनाल्ड टँग यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, क्रेट्झमर यांच्या वर्गीकरणातील चौथा प्रकार चुंबकीय वाचनाच्या स्वभावाशी जुळतो. या प्रकारात प्रत्येक नमुना म्हणजे आताचे चिन्ह वजा दोन ठोक्यांपूर्वीचे चिन्ह. परिणामी शून्य, धन आणि ऋण असे तीनच स्तर मिळतात. शिवाय सम क्रमांकाच्या व विषम क्रमांकाच्या नमुन्यांचा परस्परांशी संबंध राहत नाही. एका गुंतागुंतीच्या समस्येच्या दोन सोप्या समस्या होतात. पुढे याची चिप बनविणे शक्य झाले ते मुख्यतः या सोयीमुळे.

दुसरा धागा अँड्र्यू व्हिटर्बी यांच्या १९६७ मधील निबंधाचा. त्यांनी आपली पद्धत मांडली ती प्रामुख्याने एक सैद्धांतिक मर्यादा सिद्ध करण्याच्या ओघात. तिचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. एकेका बिटाचा स्वतंत्र निवाडा न करता संपूर्ण क्रम विचारात घ्यावा आणि मिळालेल्या संकेताशी सर्वाधिक संभाव्यतेने जुळणारा क्रम निवडावा, हे तिचे सार होय. असे असंख्य क्रम तपासावे लागतील असे वाटते खरे. परंतु प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक अवस्थेपर्यंत पोहोचणारा सर्वांत चांगला मार्ग तेवढा राखून बाकीचे सोडून दिले, तरी अंतिम उत्तर चुकत नाही. कोबायाशी यांनी १९७१ मध्ये ही पद्धत चुंबकीय मुद्रणाला लावली आणि १९७२ मध्ये डेव्हिड फॉर्नी यांनी व्यतिकरणाच्या समस्येसाठी तिचे सर्वसाधारण विवेचन केले. पीआरएमएल या संक्षेपाने जी पद्धत पुढे प्रसिद्ध झाली, तिची दोन्ही अंगे अशा रीतीने १९७२ पर्यंत तयार होती.

वीस वर्षांचे अंतर

तरीही ही पद्धत वापरणारी पहिली हार्ड डिस्क, आयबीएम ०६८१, आली ती १९९० मध्ये. या विलंबाचे खापर उद्योगाच्या दूरदृष्टीच्या अभावावर फोडले जाते, ते पटण्यासारखे नाही. सत्तरच्या दशकात सुधारित हेड आणि पातळ लेप यांमुळे शिखर-शोधन पुरेसे ठरत होते. आणि सेकंदाला कोट्यवधी नमुने घेऊन त्यांवर आकडेमोड करणारी स्वस्त चिप अस्तित्वातच नव्हती. कल्पना तयार असली, तरी ती परवडणारी व्हायची होती. मधल्या काळात रॉजर वूड व त्यांचे सहकारी यांनी अँपेक्स कंपनीत प्रत्यक्ष चुंबकीय मुद्रणावर ही पद्धत चालवून दाखविली. वूड व पीटरसन यांचा १९८६ मधील निबंध या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेतील फ्रांसवा दोलिव्हो प्रभृतींनी या पद्धतीला पूर्ण यंत्रणेचे रूप दिले. आता आठ बिटांसाठी नऊच संकेतबिट पुरत असल्याने पूर्वीची उधळपट्टी थांबली. हेमंत थापर व अरविंद पटेल यांनी १९८७ मध्येच वाढत्या घनतेसाठी या पद्धतीची विस्तारित रूपे सुचविली होती. नव्वदच्या दशकात ती कामी आली.

माध्यमाचा गोंगाट आणि पेटंटचा प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अडचणीचे स्वरूपच बदलले. बिट इतके लहान झाले की लेपातील चुंबकीय कणांचा आकार जाणवू लागला. दिशा जेथे उलटते तेथील सीमारेषा कणांमुळे दंतुर असते, म्हणून गोंगाट त्या जागी अधिक, इतरत्र कमी. याचाच अर्थ, गोंगाट लिहिलेल्या माहितीवर अवलंबून असतो आणि शेजारच्या नमुन्यांतील गोंगाटाशीही त्याचे नाते असते. व्हिटर्बी पद्धतीच्या प्रचलित रूपात मात्र गोंगाट सर्वत्र सारखा व स्वतंत्र मानलेला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलेक्झांडर काव्चिच आणि त्यांचे मार्गदर्शक होझे मौरा यांनी हे गृहीतक सोडून दिले. प्रत्येक मार्गाची किंमत मोजताना त्या मार्गावरील चिन्हांनुसार गोंगाटाचे गणित बदलावे, ही त्यांची मांडणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीच विद्यापीठाने पेटंटसाठी अर्ज केला होता.

विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने यापुढचा भाग अधिक विचारप्रवर्तक आहे. मार्च २००९ मध्ये विद्यापीठाने मार्वेल या चिप-निर्मात्या कंपनीवर पिट्सबर्गच्या न्यायालयात दावा दाखल केला. आपली पद्धत ही त्या संशोधनाची नक्कल नव्हे, असा कंपनीचा बचाव होता. परंतु कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या एका आराखड्याला काव्चिच यांचेच नाव दिले होते, ही बाब सुनावणीत पुढे आली. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे २ अब्ज ३४ कोटी चिपवर प्रत्येकी ५० सेंट, म्हणजे सुमारे १.१७ अब्ज डॉलर इतकी भरपाई ठरविली. न्यायालयाने २०१४ मध्ये ती १.५ अब्जांवर नेली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने मात्र अमेरिकेत आयात झालेल्या चिपपुरती सुमारे २७.८ कोटी डॉलरची रक्कम कायम केली आणि परदेशातच बनून परदेशातच वापरल्या गेलेल्या चिपची 'विक्री' अमेरिकेत झाली असे म्हणता येईल काय, यावर फेरसुनावणीचा आदेश दिला. पेटंट एका पद्धतीचे होते. चिप एका देशात आखली जाते, दुसऱ्या देशात घडते आणि तिसऱ्या देशात वापरली जाते. अशा वेळी गणिती पद्धतीचा वापर नेमका कोणत्या भूमीवर झाला, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यापूर्वीच २०१६ मध्ये ७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हिटर्बी यांची मूळ पद्धत सर्वांना विनामूल्य उपलब्ध होती आणि तिच्या एका सुधारणेची किंमत चिपमागे ५० सेंट ठरविली गेली, ही विसंगती इतिहासकाराने नोंदविण्याजोगी आहे. प्रकाशित निबंध सर्वांचा असतो, ही अध्यापकवर्गाची पारंपरिक धारणा अशा प्रकरणांपुढे फार काळ टिकणे कठीण दिसते.

दुसऱ्या मितीचे व्यतिकरण

दावा दाखल होण्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २००९ मध्ये, वूड, विल्यम्स, काव्चिच व माइल्स यांचा एक संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. प्रचलित लेपावरच प्रति चौरस इंच १० टेराबिट घनता गाठता येईल काय, हा त्याचा विषय. त्यासाठी मार्गिका इतक्या जवळ आणाव्या लागतात की व्यतिकरण केवळ पुढच्या-मागच्या बिटांचे राहत नाही, शेजारच्या मार्गिकेचेही होते. एका ओळीत सुलभ असलेला 'सर्वोत्तम मार्ग राखण्याचा' उपाय दोन मितींत तसाच चालत नाही, कारण तपासावयाच्या अवस्थांची संख्या मार्गिकांबरोबर झपाट्याने वाढते. म्हणून अंदाजी पद्धतींचा आणि रॉबर्ट गॅलॅगर यांच्या १९६० च्या प्रबंधातून आलेल्या, पण तीन दशके जवळपास विस्मरणात गेलेल्या त्रुटिसुधार संकेतांचा आधार घेतला जातो. २०१३ पासून सीगेटने कौलांप्रमाणे एकमेकींवर चढलेल्या मार्गिकांच्या डिस्क बाजारात आणल्या. त्यांत प्रत्येक नवी मार्गिका आधीच्या मार्गिकेचा काही भाग झाकून लिहिली जाते आणि उरलेल्या अरुंद पट्टीतून माहिती वाचली जाते.