माणसे गेली, माती सावरली

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली चीनमधल्या येनानला पोहोचले, तेव्हा तिथली माणसे पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहाघरांत राहत होती. ही माती वाऱ्याने लाखो वर्षांत आणून टाकलेली. कुठे कुठे तिचा थर शंभर मीटरहून जाड आहे. पण वरचे गवत निघाले, नांगर फिरला, की जुलै-ऑगस्टच्या सरींत ती विरघळून नदीला मिळते. पीत नदीचा पिवळा रंग मुख्यतः याच मातीचा.

येनानच्या नैऋत्येला, शान्शी आणि कान्सू प्रांतांच्या सीमेवर झीवूलिंग नावाची डोंगररांग आहे. पाऊस वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. १८६२ ते १८७३ या काळात या दोन प्रांतांत हुई मुसलमानांचा उठाव झाला. कत्तली, दुष्काळ, रोगराई यांत दोन्ही बाजूंची असंख्य माणसे गेली. उरली ती परागंदा झाली. उतारावरची शेते ओस पडली.

त्या शेतांत कोणी झाड लावले नाही. आधी तण आले, मग चिवट गवत. त्यानंतर काटेरी झुडपे आली. त्यांतल्या काहींच्या मुळांवर गाठी असतात, आणि गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांशी घडते तसेच. त्या सावलीत पहाडी पॉप्लर आणि भूर्ज वाढले. शेवटी, सुमारे दीडशे वर्षांत, ओकचे जंगल उभे राहिले.

शास्त्रज्ञांनी या प्रत्येक टप्प्यावरची माती तपासली. टप्प्यागणिक पालापाचोळ्याचा कस आणि नायट्रोजन वाढत गेलेला दिसला. मातीचे कण एकमेकांना धरून राहू लागले, पाणी वाहून जाण्याऐवजी मुरू लागले. फॉस्फरस मात्र फारसा वाढला नाही. तो मूळ मातीतच जेवढा असेल तेवढा. पुढे विसाव्या शतकात माणसे परतली. जिथे जंगल तोडून पुन्हा नांगर धरला, तिथे पिढ्यांची ही कमाई काही पावसाळ्यांतच धुपून गेली.

१९९९पासून चीनने उतारावरची शेती थांबवून झाडे आणि गवत लावण्याची मोठी योजना राबवली. डोंगर हिरवे झाले, नदीतला गाळ घटला. पण पठाराच्या कोरड्या भागांत जिथे थेट दाट झाडेच लावली, तिथे मुळांनी खोलवरची ओल शोषली आणि झाडे खुरटली. चिनी लोक अशा झाडांना ‘छोटी म्हातारी झाडे’ म्हणतात.

उजाड डोंगरावर रोप लावण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे: तिथे गवताची आणि झुडपांची पाळी झाली आहे का? कारण झाडासाठी माती तयार करतात ती हीच. आणि झीवूलिंगच्या ओकांखाली कुणाची तरी शेते होती, हेही विसरू नये.