अमेरिकेतील लहान माध्यमिक शाळांचा फुटबॉल : सरावाचा वेळ आणि प्रशिक्षकाच्या जबाबदाऱ्या यांचा ऐतिहासिक वेध

प्रास्ताविक

फुटबॉल म्हटले की आपल्यासमोर पायाने खेळावयाचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत हे नाव ज्या खेळाला आहे, तो प्रामुख्याने हातांनी खेळला जातो. लांबट चेंडू घेऊन धावणे, तो फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून पाडणे ही त्याची प्रमुख अंगे होत. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने प्रत्येक बाजूस ११ खेळाडू ही संख्या ठरली. महाविद्यालयांच्या मैदानावर ठरलेली ही संख्या पुढे खेड्यापाड्यांतील हायस्कुलांनीही स्वीकारली.

या खेळाचा इतिहास बहुधा मोठ्या विद्यापीठांच्या आणि व्यावसायिक संघांच्या विजयांतून लिहिला जातो. शंभरएक विद्यार्थ्यांच्या शाळेत वर्ग सुटल्यावर शिटी घेऊन मैदानावर उतरणारा शिक्षक त्यात क्वचितच दिसतो. मुले थोडी, मदतीला फार तर एखादा सहकारी आणि हाताशी दोन तास, अशी त्याची स्थिती असते. लहान शाळेची टंचाई वरकरणी खेळाडूंची दिसली, तरी तिचे खरे स्वरूप वेळेच्या व शिकविणाऱ्या माणसांच्या टंचाईचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक दशक, दोन शाळा

१९३२ मध्ये ओहायो राज्यातील मॅसिलॉन या पोलाद कारखान्यांच्या शहरात पॉल ब्राऊन हे आपल्याच जुन्या हायस्कूलचे प्रशिक्षक झाले. १९४० पर्यंतच्या नऊ हंगामांत त्यांच्या संघाने ८० सामने जिंकले, ८ गमावले व २ बरोबरीत सोडविले. या यशामागे सरावाची काटेकोर आखणी होती. कोणत्या मिनिटाला काय शिकवावयाचे हे आधी ठरलेले असे. खेळाडूंना वर्गात बसवून डावपेच शिकविले जात. शहरातील खालच्या इयत्तांच्या शाळांतही तीच पद्धत शिकविली जात असल्याने हायस्कूलमध्ये येणारा मुलगा तिच्याशी परिचित असे. मात्र अशा आखणीसाठी साहाय्यक प्रशिक्षक लागतात, राखीव खेळाडू लागतात आणि शहराचे पाठबळही लागते.

त्याच काळात नेब्रास्कामध्ये महामंदी व अवर्षण यांनी खेडी पोखरली होती. चेस्टर येथील हायस्कूलचे शिक्षक स्टीफन एप्लर यांच्यासमोर वेळापत्रकाच्या आधीचा प्रश्न होता, कारण अनेक लहान शाळांत ११ मुलेच जमत नव्हती. त्यांनी प्रत्येक बाजूस ६ खेळाडूंचा खेळ योजला. सप्टेंबर १९३४ च्या अखेरीस हेब्रन येथे दिव्यांच्या उजेडात त्याचा पहिला सामना झाला. एका बाजूस चेस्टर व हार्डी आणि दुसऱ्या बाजूस बेल्व्हिडियर व अलेक्झांड्रिया असे जोडसंघ होते. दोन आठवड्यांच्या सरावावर खेळलेला हा सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला. (हेच एप्लर पुढे १९४६ मध्ये ओरेगॉनमधील ज्या व्हॅनपोर्ट केंद्राचे संस्थापक ठरले, त्यातून पोर्टलंड स्टेट विद्यापीठ उभे राहिले.)

या खेळाचे मैदान ८० यार्ड लांब व ४० यार्ड रुंद असते आणि फेकलेला चेंडू सहापैकी कोणीही झेलू शकतो. त्याचा खरा लाभ सरावात आहे. पूर्ण सराव सामन्यासाठी जेथे २२ मुले लागत, तेथे १२ पुरतात, आणि एका माणसाची नजर सर्वांवर राहू शकते. टेक्सासमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक १९३८ मध्ये प्रेअरी ली व मार्टिनडेल या शाळांमध्ये झाले. १९७२ पासून तेथे त्याची राज्यस्तरीय अजिंक्यपद स्पर्धा होते.

दरम्यान शाळाच कमी होत गेल्या. १९३९-४० मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख १७ हजार शालेय जिल्हे होते. १९७०-७१ पर्यंत विलीनीकरणामुळे ते सुमारे १८ हजारांवर आले. शाळा विलीन झाली की ११ खेळाडू जमत, पण गावाचा संघ जाई. ज्या शाळा टिकल्या, त्यांतील शिक्षकाचा भार मात्र हलका झाला नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर मुलींच्या क्रीडास्पर्धा झपाट्याने वाढल्या. ही अत्यंत न्याय्य गोष्ट होती. परंतु लहान शाळेत तिच्यासाठी लागणारा प्रशिक्षकही त्याच मोजक्या शिक्षकांतून येणार होता. ग्रामीण महाराष्ट्रात क्रीडाशिक्षकाकडे इतर तासिका सोपविल्या जातात, हे जाणणाऱ्या वाचकांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन तासांची वाटणी

मोठ्या व लहान शाळांतील अंतर वाढविणारा आणखी एक बदल नियमांतून आला. महाविद्यालयीन खेळात १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले. १९४५ मध्ये मिशिगनचे फ्रिट्झ क्रिस्लर यांनी त्याचा लाभ घेऊन आक्रमणाचे व बचावाचे स्वतंत्र गट मैदानात उतरविले. १९५३ मध्ये आलेली बंधने १९६० च्या दशकात पुन्हा उठली. मोठ्या हायस्कुलांतही हे विशेषीकरण रुजले. तेथे आक्रमणाचा गट मैदानाच्या एका टोकाला व बचावाचा गट दुसऱ्या टोकाला एकाच वेळी सराव करू शकतो, त्यामुळे दोन तासांत चार तासांचे काम होते.

अठरा मुलांच्या संघात तीच मुले दोन्ही बाजूंनी खेळतात. एका वेळी एकच गोष्ट शिकविता येते, म्हणून आक्रमणाला दिलेली प्रत्येक दहा मिनिटे बचावातून वजा होतात. अकरांविरुद्ध अकरा उभे करणे अशक्य असल्याने आक्रमणाची उजवी बाजू बचावाच्या समोरच्या अर्ध्या भागाविरुद्ध खेळवावयाची व मग बाजू बदलावयाची, असा अर्ध्या फळीचा सराव करावा लागतो. उरलेल्या जागी गाद्या किंवा पिंपे उभी केली जातात. कामाची विभागणीही त्यामुळे वेगळी होते. दोनच प्रशिक्षक असतील, तर एकाने आक्रमण व दुसऱ्याने बचाव घेणे सोयीचे नसते, कारण एकजण शिकवीत असता दुसरा रिकामा राहतो. त्यापेक्षा एकाने पुढच्या फळीतील मुलांना आणि दुसऱ्याने मागच्या मुलांना दोन्ही बाजूंचा खेळ शिकविणे हिताचे ठरते. यामुळे डावपेचही थोडके ठेवावे लागतात. तज्ज्ञांना हा मागासलेपणा वाटेल. प्रस्तुत लेखकास त्यात शहाणपण दिसते.

अलीकडे वेळेवर कायद्याची मर्यादाही आली आहे. टेक्सासमध्ये शाळा चालू असताना शालेय वेळेबाहेर एका खेळाचा सराव आठवड्यास ८ तासांपुरता मर्यादित आहे. मेंदूच्या दुखापतींविषयीची जाणीव वाढल्यावर कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने हंगामात पूर्ण अंगझटीचा सराव आठवड्यातून दोनच दिवस आणि दिवसाला ९० मिनिटांपर्यंत, असा निर्बंध घातला. हे नियम शाळेचा आकार पाहत नाहीत. मोठ्या शाळेतील आक्रमक खेळाडूला ही सर्व मिनिटे एकाच भूमिकेसाठी मिळतात, लहान शाळेतील मुलाला ती दोन भूमिकांत वाटावी लागतात. तेव्हा लहान शाळांच्या प्रशिक्षकांनी तक्रार केल्यास ती समजण्यासारखी आहे. परंतु तोच मुलगा शुक्रवारच्या सामन्यात दोन्ही बाजूंनी खेळून जवळजवळ संपूर्ण वेळ धडका सोसतो, आणि तो जखमी झाल्यास त्याच्या जागी उतरावयास बहुधा चौदा वर्षांचा, वजनाने त्याच्या निम्मा मुलगा असतो. सोमवारचे वेळापत्रक लिहिताना प्रशिक्षकाला धडकांची मिनिटे प्रथम कमी करावी लागतात ती यामुळेच. डाव पाठ करून घेण्याचे काम तो मुलांना नुसते चालवत, अंगाला अंग न लावता करून घेऊ शकतो.